हप्ता अडकला? सेंटरवर पळण्याआधी या चुका टाळा

शेजारच्या बांधावर पीएम किसानच्या हप्त्याचा मेसेज वाजतो आणि आपलं पासबुक मात्र कोरंच. मग गावात जो तो एकच करतो, सेंटरवर जाऊन पुन्हा अंगठा देतो. केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, आधीच झालेली असते. फुकट जातो तो दिवस आणि वर फीचे पैसे.

आधी पीएम किसानच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्टेटस बघा. तिथे लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), ई-केवायसी आणि आधार बँक सीडिंग (आधारला बँक जोडणं) या तीन ओळी दिसतात. ज्या ओळीपुढे ‘नो’ आहे, ते काम आपलं. पहिल्यासाठी तलाठी किंवा तालुक्याचं कृषी कार्यालय, तिसऱ्यासाठी बँक. केवायसी तर ॲपमध्ये चेहरा दाखवूनही होते. केंद्राचे वर्षाला ६००० आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे ६००० एकाच यादीवर चालतात, त्यामुळे एक अडकला की सहसा दुसराही अडकतो.

सगळ्यात जास्त घोळ बँकेचा. आमच्या काकूंचे दोन हप्ते असेच ‘गायब’ झाले. बँकेत गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, “आधार लिंक आहे की!” होतंच, पण ते त्या बँकेपुरतं. सरकारी पैसा खाते क्रमांक बघून येत नाही. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे तिथे तो जातो. आणि तिथे एका वेळी एकाच बँकेचं नाव राहतं, शेवटी संमती दिलेल्या बँकेचं. काकूंनी मधे कधीतरी दारात आलेल्या माणसाकडे अंगठा देऊन नवं खातं उघडलं होतं. ते कार्ड डब्यात, पिठाच्या खाली. चार हजार तिथेच पडून होते. माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. जुनंच खातं हवं असेल तर बँकेत ‘लिंक करा’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशासाठी) सीडिंग करा’ म्हणा आणि संमतीचा फॉर्म भरा.

जमिनीचं दुखणं जरा किचकट. वडील गेले, सातबारा त्यांच्याच नावावर, आणि हप्ता येतोय म्हणून कुणी बोलत नाही. पुढे वसुली निघते. वारस फेरफार वेळेत करा, अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही होतो. मग वारसाने स्वतःची नवी नोंदणी करायची. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत किंवा बक्षीसपत्राने आलेल्या जमिनीवर मात्र लाभ नाही, वारसाहक्काची गोष्ट वेगळी.

फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, काढताना एकच गट जोडून उठू नका. आठ अ (तुमच्या नावावरच्या सगळ्या गटांचा उतारा) समोर ठेवून सगळे गट टिक करून घ्या. पोर्टलवर ‘बापू’ आणि आधारवर ‘बापूराव’ असेल तर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करायची सोय पोर्टलवरच आहे.

नवरा-बायको दोघांच्या नावे जमीन असली तरी लाभ एकालाच. नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब धरतात. आधीच्या वर्षी आयकर भरलेला असेल, किंवा महिन्याला १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल (चतुर्थ श्रेणी कर्मचारी वगळून), तर अर्ज करू नका. चुकून घेतलेला हप्ता पोर्टलवरून परत करता येतो, नोटिशीची वाट कशाला बघायची?

हप्त्याच्या दिवसांत व्हॉट्सॲपच्या गावग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) फिरते. पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचाही फोन आधीच हॅक झालेला असतो. ती उघडू नका. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, आणि शंका असेल तर पीएम किसानच्या हेल्पलाइनला, १५५२६१ वर, फोन लावा.