दाताचा व्हिडिओ बघावा कसा

दाढ ठणकायला लागली की आमच्या गुहागरात माणूस आधी लवंग धरतो, मग मोबाइल. चिपळूणची एसटी त्यानंतर. लवंगेबद्दल माझी तक्रार नाही. मोबाइलबद्दल आहे, कारण घरातल्या सगळ्यांच्या दातांच्या खेपा माझ्याच वाट्याला येतात आणि प्रत्येकजण काहीतरी बघूनच आलेला असतो.

पहिली चाळणी सोपी. लिंबू-सोडा, कोळसा, ‘आठवड्यात मोत्यासारखे दात’ दिसलं की बंद करा. झिजलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, पुन्हा येत नाही.

बोलणारा कोण ते बघा. नाव नाही, पदवी नाही, तर पुढे चला. एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पुढची पदवी, असेल तर कशात? रूट कॅनालचा तज्ज्ञ वेगळा, वाकडे दात सरळ करणारा वेगळा.

तारीख बघा. व्ह्यूज बघू नका. जिच्या टोपलीभोवती गर्दी, तिचेच बांगडे ताजे असतात का?

आता खरी मेख. चांगला दिसणारा, खरं बोलणारा व्हिडिओसुद्धा फसवतो, कारण त्यात काय नाही हे आपल्याला कळत नाही. मी इथेच आपटले. आईच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल ठरलं तेव्हा मी एक व्हिडिओ तीनदा बघितला. सुई, दाढेतल्या नळ्यांची सफाई, मग गट्टापर्चा, म्हणजे त्या नळ्या बुजवायचा रबरासारखा पदार्थ, भरला आणि संपलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. पुढे डॉक्टर म्हणाले, कॅपसाठी, म्हणजे दाढेवर टोपी बसवायला, या. आई म्हणाली, “आता दुखत नाही, मग कशाला?” आणि मी तिची बाजू घेतली! व्हिडिओत कॅप नव्हती ना. आषाढात भाजलेली आठळी चावताना ती दाढ उभी चिरली, पार मुळापर्यंत. काढावी लागली. रूट कॅनालचे पैसे गेले आणि दाढही गेली.

किडीने आधीच खाल्लेली दाढ उपचारासाठी आणखी कोरली जाते. भिंती पातळ उरतात आणि चावण्याचा जोर तर मागच्या दाढांवरच सगळ्यात जास्त. बहुतेक दाढांना कॅप लागते ती म्हणून. हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

उपचारांची माहिती तपासायला ‘डिसर्न’ नावाची १६ प्रश्नांची यादी १९९९ साली प्रसिद्ध झाली. मुळात ती छापील मजकुरासाठी, पण व्हिडिओंनाही लावतात. सोळाच्या सोळा घेऊन बसायला कोणाला वेळ आहे? मी त्यातले तीनच घेते. धोके सांगितले का? दुसरे पर्याय सांगितले का? काहीच केलं नाही तर काय होईल, हे सांगितलं का? हा तिसरा बहुतेकांना जड जातो. चौथा माझा, आठळीने शिकवलेला: खुर्चीवरून उठल्यावर पुढे काय?

इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर नकली दात बसवण्याच्या, व्हिडिओंना हा चौथा प्रश्न हमखास विचारा. तिथे स्क्रू आणि दात दोन मिनिटांत बसतो. प्रत्यक्षात हाडाने स्क्रू घट्ट धरायला बहुतेकदा ३ ते ६ महिने जातात, आणि तंबाखूने इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो. तंबाखूचा उल्लेखच नसलेला व्हिडिओ आमच्या मशेरी लावणाऱ्या काकूंच्या काय कामाचा?

एक व्हिडिओ पुरत नाही, दोन-तीन बघा. पण ‘माझं असं झालं’ सांगणाऱ्या पेशंटचा व्हिडिओ मोजणीत धरू नका. त्याची दाढ त्याची, तुमची तुमची. तुमच्या दाढेचा एक्स-रे त्याने पाहिलेला नाही.

ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तो लाइटबिलाच्या पाठीवर लिहा आणि एक्स-रेबरोबर घेऊन जा. तोंडी विचारीन म्हणू नका. तोंडात कापूस असताना काय विचारणार? डॉक्टर वैतागले तर वैतागू देत. आमचे हल्ली मी पिशवीत हात घातला की हातमोजे काढून ठेवतात आणि विचारतात, “आज किती आहेत?”