समुद्रातल्या तळावरून, म्हणजे जहाजांवरूनच, फौज कशी चालते, एसएसबीवाल्या (फौजेत अधिकारी निवडीच्या मुलाखतीला जाणाऱ्या) पोरांनी असं समजून घ्या

लेक्चुरेटला, म्हणजे दिलेल्या विषयावर थोडा वेळ बोलायच्या चाचणीला, हा विषय आला की आपली लातूर-बीडची पोरं गडबडतात, समुद्रच जवळून बघितलेला नसतो ना, म्हणून सुरुवात पाण्याच्या रेल्वेपासून करा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूर तगलं, फौजेचंही तसंच, पुरवठा तुटला की खेळ खल्लास.

आधी हिशोब मांडा, रोज डिझेल, पाणी, दारूगोळा किती लागणार. मग आपल्या नौदलाची जहाजं वाटा. विमानांना विक्रांत, जवान अन् गाड्या उतरवायला जलाश्व, ते मागचा भाग पाण्यात दाबून पोटातूनच लँडिंग क्राफ्ट (किनाऱ्याला लागणाऱ्या छोट्या बोटी) बाहेर सोडतं, इंधनाला दीपक नाहीतर शक्ती हे टँकर. टँकर अन् युद्धनौका शेजारी-शेजारी एकाच स्पीडनं पळत राहतात, मधी दोरावर लटकलेला पाइप, अन् त्यातून तेल जातं, हे चित्र डोळ्यासमोर आणाच!

सगळा माल एकाच जहाजात कधीच भरू नका. १९८२ ला ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड बेटांवरच्या लढाईत अटलांटिक कन्व्हेयर या ब्रिटिश मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, जवान अन् सामान उचलणारी तीन चिनूक हेलिकॉप्टर जळाली, अन् ब्रिटिश जवानांना पाठीवर ओझं घेऊन चिखलातून मैलोन्‌मैल चालावं लागलं. घरी नकाशावर असेन्शन बेट शोधा, तो ब्रिटिशांचा वाटेतला तळ होता, तिथून फॉकलंड सुमारे ६००० किमी.