पितळ घरी तापवून मऊ करताना या चुका टाळा

पितळेचा पत्रा ठोकता ठोकता हातोडी उसळू लागली, आवाज कोरडा येऊ लागला, की पत्रा कडक झाला. आता थांबून तापवायलाच हवं. बहुतेक जण मात्र 'अजून चार ठोके मारून बघू' म्हणतात आणि त्या चार ठोक्यांतच काठाला चीर जाते. चीर तापवून बुजत नाही.

मग तापवायचं कशावर? घरचा ओव्हन इथे उपयोगाचा नाही. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेला नीट मऊ व्हायला साधारण ४२५ ते ७५० अंश सेल्सिअस लागतात; ओव्हन २५० च्या आसपास थांबतो. कानातल्याएवढ्या तुकड्याला छोटा ब्यूटेन टॉर्च पुरतो. वाटीएवढ्या पत्र्याला तो लावलात तर एक कड लाल होते, दुसरी थंडच राहते. तिथे मोठ्या ज्योतीचा एलपीजी ब्लोलॅम्प घ्या आणि खाली-मागे भट्टीच्या विटा रचा. काँक्रीटवर थेट तापवू नका, कपचे उडतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'जितकं लाल तितकं मऊ' या समजुतीने. भर उजेडात मंद लाली दिसतच नाही. दिसते तेव्हा पितळ हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. म्हणून दिवे मालवा, खिडकी मात्र उघडी ठेवा. ज्योत सतत फिरवत राहा आणि जेमतेम लाली उमटली की बाजूला घ्या. अति तापलेल्या पितळेतले कण मोठे होतात आणि पुढच्या ठोक्यांनी पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. तो पॉलिशने सुधारतो असं मला कधी दिसलं नाही. पांढरा धूर दिसला तर ताबडतोब थांबा: ते उडणारं जस्त आहे, छातीत गेलं तर थंडी वाजून ताप भरतो.

पाण्यात बुडवल्याने पितळ पोलादासारखं कडक होत नाही. पण लाली असेतो ते ठिसूळ असतं, तेव्हा चिमट्याने उचलू नका, बुडवूही नका.

पुण्याच्या तांबट आळीत भांडं घडवून झालं की शेवटी मठारकाम होतं, म्हणजे हातोडीने सगळीकडे सारखे ठोके देतात. त्या ठोक्यांनीच भांड्याला ताठपणा येतो, त्यानंतर ते पुन्हा लाल करायचं नाही. ठोक्यांचा ताण मात्र आत उरतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूतला ताण मिळून हे घडतं, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. म्हणून अमोनियाच्या क्लीनरने पितळ पुसू नका. आणि तयार वस्तू तासभर २५० अंशांवर ठेवा: ताण बराच उतरतो, ताठपणा राहतो. मघाशी बाजूला ठेवलेला ओव्हन या कामाला उत्तम.