कधी पास, कधी फेल
मोठ्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर म्हणून काम करताना सॉफ्टवेअर आपोआप तपासणाऱ्या एका टेस्टनं मला महिनाभर छळलं. दहातून एखाद्या वेळी फेल व्हायची, पुन्हा चालवली की पास. सगळे 'रीरन' दाबून मोकळे व्हायचे. मीही तेच करायचो.

आधी मी तिच्यात पाच सेकंदांचा स्लीप, म्हणजे मुद्दाम थांबा, टाकला. (लाज वाटते, पण टाकला.) फरक शून्य, उलट बिल्डला (कोड जुळवून सगळ्या टेस्ट चालवायला) जास्त वेळ लागायला लागला.

मग ती एकटीच 200 वेळा चालवली. एकदाही पडली नाही! म्हणजे दोष तिच्यात नव्हता, शेजारणीत होता. फेल झालेल्या वेळांचे लॉग (टेस्ट चालताना होणाऱ्या नोंदी) एकाखाली एक लावले, तेव्हा दिसलं: त्याच वेळी समांतर चालणारी दुसरी टेस्ट तेच लॉगिन वापरून पासवर्ड बदलत होती, आणि माझ्या टेस्टचं सेशन मधेच संपत होतं.

उपाय अर्ध्या तासाचा. प्रत्येक टेस्टच्या सेटअपमध्ये (सुरुवातीच्या तयारीत) एपीआयनं, म्हणजे स्क्रीनवर न जाता थेट कोडमधून, नवा युजर बनवायचा, नावात यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक ओळख क्रमांक) घालायचा, टिअरडाउनमध्ये (शेवटच्या आवराआवरीत) तो युजर पुसायचा. स्लीपही काढला. नंतर अख्खा संच क्रम उलटसुलट करून चालवला, तर अशाच आणखी दोन जोड्या सापडल्या. त्यातली एक मीच लिहिलेली.