गृहीतक ओळखायचं तर पर्याय उलटा करून बघा
परीक्षेतल्या तर्काच्या प्रश्नात एक विधान देतात आणि खालच्या पर्यायांपैकी त्याचं गृहीतक कोणतं ते विचारतात. विधानात लिहिलेलं नसतं, पण ज्याच्यावाचून ते उभंच राहत नाही, ते गृहीतक. दादर स्टेशनवरची सूचना घ्या: ‘रूळ ओलांडू नका, पादचारी पूल वापरा.’

पहिला पर्याय: स्टेशनात पूल आहे. उलटा करा: पूलच नाही. सूचना कोसळली, म्हणजे हे गृहीतक.

दुसरा: सगळे प्रवासी सूचना पाळतील. मार्क जातात ते इथेच. याचं उलट ‘कुणीच पाळणार नाही’ असं नाही, ‘काही जण पाळणार नाहीत’ असं होतं. तरीही सूचनेला अर्थ उरतो, म्हणून पर्याय बाद. (‘सगळे’, ‘फक्त’, ‘नेहमी’ दिसलं की जरा थांबाच.)

तिसरा: पुलावर गर्दी असते. कुठल्याही मुंबईकराला पटेल, पण विधानाला त्याची गरज नाही. हाही बाद.