लुगडं नेसलं की आधी उकिडवं बसून पाहा

महालक्ष्म्या जवळ आल्या की आमच्याइकडच्या पोरी विचारतात, ताई नऊवारी शिवून घेऊ का? घ्या ना, पण मंग तो पायजमा झाला, लुगडं कुठं राहिलं. अन् एकदा कात्री लागली की ती साडी ना पोरीच्या मापाची राहते ना सुनेच्या. हातानं नेसायला शिकायला दोन दुपारी पुरतात, चारदा सुटेल, सुटू द्या.

साडी सुतीच घ्या. नऊ वार म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर, नेहमीची सहावारी साडेपाच मीटरची असते, तिच्यात हे नाही होत. मी बहिणीच्या लग्नात गुळगुळीत सिंथेटिक नेसली होती, पंगतीत वाढायला वाकली अन् मागून कासोटा सुटला, एका हातात बुंदीची बादली अन् दुसऱ्या हातात कासोटा धरून घरात पळाली बाप्पा.

आत परकर नाही, लेगिंग घाला. साडी पाठीमागून कमरेभोवती आणा, एका बाजूला दीड-दोन वार सोडा, बाकी सगळी दुसऱ्या बाजूला, अन् बेंबीजवळ पक्की गाठ मारा. ही गाठ ढिली तर पुढचं सगळं ढिलं, म्हणून श्वास आत ओढून नका मारू, पोट भरलेलं असताना मारा. मंग लांब बाजू कमरेभोवती फिरवून पदर डाव्या खांद्यावर टाका, पिन लावा, अन् मधे जे कापड उरलं त्याच्या निऱ्या घालून समोर खोचा. आता राहिला तो आखूड भाग. तो दोन पायांमधून मागं घ्या, काठाच्या बारीक-बारीक चुण्या करा अन् मागं कमरेत बरोबर मधोमध खोचा, हाच कासोटा. काठ मधोमध सरळ दिसला पाहिजे, सगळा रुबाब तिथंच आहे.

खोचताना पाय थोडे फाकवून उभ्या राहा. पाय जुळवून खोचलं तर नेसताना लय छान दिसते अन् चालायला लागलं की ताण बसते. म्हणूनच उकिडवं बसून पाहायचं, मंग दोन पायऱ्या चढायच्या, तेव्हा कळते.

किती उंच नेसायचं ते कामावर आहे. भंडाऱ्याकडं धानाच्या रोवणीला बाया चिखलात उतरतात तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतात, अन् यवतमाळकडं कापूस वेचताना समोर ओटी बांधतात, हात मोकळे राहतात. कार्यक्रमाला मात्र घोट्यापर्यंत सोडा.

पैसे असतील तर एक करवतकाठी कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, घ्या. काठावर करवतीसारखे दाते असतात म्हणून ते नाव, विणकर तीन धोटे चालवतो, दोन काठांचे दोन अन् मधल्या अंगाचा एक, म्हणून काठ अन् अंग दोन्ही एकमेकांत गुंतून येतात. पण कोशा सुतापेक्षा घसरते, त्याच्यावर शिकू नका, अन् नेसलाच तर कासोट्याला आतून एक सेफ्टी पिन माराच.

सोडताना उलट्या क्रमानं सोडा, आधी पिन, मंग कासोटा. आमच्या आजीला घाई असली की ती सरळ गाठच ओढायची अन् मंग पूर्ण लुगडं पायात, अन् वरून आम्हालाच ओरडायची.