वाढत्या वयातली वजनाची घाई : या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आम्ही पोरांची उंची-वजनं घेतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी काटा सरळ मैदानाच्या ओट्यावर मांडला होता. मी आकडा मोठ्याने सांगायचा, मॉनिटरने वहीत लिहायचा. आठवीतल्या एका मुलीचा आकडा सांगितल्यावर मागून कुणीतरी ‘क्विंटल’ म्हणालं आणि अख्खी रांग हसली. मीही हसलो होतो. त्यानंतर ती मुलगी दिवाळीपर्यंत डबा आणत नव्हती. मैत्रिणींनी विचारलं की सांगायची, उपास आहे. परिपाठाला उभी असताना ती खाली कोसळली, तेव्हा कुठे मला हा सगळा प्रकार कळला.

तेव्हा पहिली चूक माझीच. आता वजन एकेकाला खोलीत बोलावून घेतो, आकडा फक्त वहीत जातो. पण घरोघरी हेच चालू असतं. लग्नाच्या पंगतीत मामा म्हणतो, “काय भो, कोणत्या चक्कीचं पीठ खातोस?” आणि किडकिडीत पोराची आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोऱ्या वायी गया, म्हणजे पोरगं वाळून गेलं. दोघांनाही प्रेमच असतं. पण चारचौघांत टोमणे खाणारं पोरगं जेवण सुधारत नाही, लपून खायला किंवा लपून उपाशी राहायला शिकतं. एवढं मी रावेर-यावलच्या पट्ट्यात 22 वर्षं खेळ शिकवताना नक्की पाहिलंय.

काट्याकडे नजर, भिंतीकडे पाठ

मोठ्या माणसाचं वजन वाढलं तर ते फक्त वजनच असतं. तेरा वर्षांच्या पोराचं तसं नसतं. मुलींची उंची साधारण दहा-अकराव्या वर्षी झपाट्याने वाढायला लागते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. ऐन जोरात असताना मुलगा वर्षाला 9-10 सेंटिमीटरही वाढतो. या उडीच्या आधी बऱ्याच पोरांचं पोट सुटतं, गाल भरतात. मुलींची कंबर-मांड्या भरणं हा तर वयात येण्याचाच भाग आहे. त्याला ‘चरबी चढली’ म्हणून घाबरलात की पुढचं सगळं चुकत जातं.

एक हिशेब करून बघा. मुलगा तेरा वर्षांचा, उंची 152 सेंटिमीटर, वजन 55 किलो. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, निघतो जवळपास 24. त्या वयाला हे जास्तच आहे. पण दोन वर्षांत उंची 162 झाली आणि वजन दोन-तीन किलोच वाढलं, तर तोच बीएमआय 22 वर येतो. एक किलोही न घटवता! म्हणून बहुतेक जाडसर पोरांच्या बाबतीत वजन कमी करायचंच नसतं. ते आहे तिथे धरून ठेवायचं, किंवा सावकाश वाढू द्यायचं. उंची आपलं काम करते. ज्याचं वजन फारच जास्त आहे त्याला थोडं उतरवावं लागतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

यासाठी काट्यापेक्षा दाराची चौकट कामाची. सकाळी, अनवाणी, टाचा-ढुंगण-पाठ चौकटीला टेकवून उभं करायचं, नजर समोर, डोक्यावर पाटी आडवी धरायची, पेन्सिलीने रेघ आणि तारीख. तीन महिन्यांनी परत. वजन महिन्यातून एकदा पुरे. रोज काट्यावर चढणारं पोरगं पाणी प्यायल्याचा नि शौचाला गेल्याचाच हिशेब ठेवत असतं.

मोबाईलवरचा बीएमआय

ही चूक शिकलेल्या घरांत जास्त. ॲपमध्ये उंची-वजन टाकलं की लाल-हिरवा पट्टा येतो. पण 18.5 च्या खाली कमी आणि 25 च्या वर जास्त, हे आकडे मोठ्या माणसांचे. बारा वर्षांची मुलगी 146 सेंटिमीटर आणि 36 किलो असेल तर बीएमआय 17 च्या आत येतो, ॲप म्हणतं ‘कमी वजन’. प्रत्यक्षात त्या वयाला ते अगदी मध्यावरचं आहे. उलट वर सांगितलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला तेच ॲप ‘नॉर्मल’ म्हणून मोकळं होतं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 5 ते 18 वर्षांसाठीचे 2015 चे वाढीचे तक्ते आहेत, मुलगा-मुलगी वेगवेगळे. कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे ते असतात. आकडा बघायचाच तर त्यात बघावा.

ताट अर्धं करणं

नववी-दहावीच्या मुली भाकर सोडतात. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी काकडी, आणि पाच वाजता क्लासवरून येताना भूक अशी उसळते की कोपऱ्यावर दाबेली, वर पाच रुपयांची पुडी. दिवसभराचा उपास एका दाबेलीत वाहून जातो आणि पोरीला वाटतं आपल्याच मनात जोर नाही. मनाचा इथे काही संबंध नसतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे 2,400 कॅलरी आणि मुलाला 2,860 सांगितल्या आहेत. म्हणजे तुमचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा टेबलावर काम करणाऱ्या बापापेक्षा जास्त खाईल, आणि खाऊ द्यावं.

उपाशी राहण्याचा फटका आधी पाळीला बसतो. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, आणि पोर जेवण टाळतेय किंवा खूप धावतेय, तर ‘या वयात होतं असं’ म्हणून सोडू नका. खाणं अपुरं पडलं की शरीर आधी पाळीचं काम बंद करतं, मग हाडांचं. आयुष्यभराच्या हाडांच्या पुंजीतला बहुतांश भाग अठरा-वीस वर्षांपर्यंतच जमा होतो. तिथे राहिलेली तूट नंतर कॅल्शियमच्या गोळ्यांनी भरून निघत नाही.

मग कमी काय करायचं? आपल्या खानदेशातल्या स्वयंपाकात भाकर दोषी नाही. दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर, वरण, फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके) नि कढी, मेथी, ताक यात पोराने पोटभर जेवावं. नजर ठेवायची ती शेवभाजीवरच्या तर्रीवर, भरताच्या पार्टीत वांगी कमी आणि तेल जास्त होतं त्यावर, आणि चहा-खारीवर. त्याहूनही जास्त बाटल्यांवर. थंड पेयाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 50 ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि ती पिऊन भूक काही भागत नाही. घरात बाटली आणणं बंद करणं हा एकच बदल मी आधी सुचवतो, कारण तो सगळ्या घराला लागू होतो. जाड पोराला वेगळं ताट आणि बारीक भावाला पुरी-बासुंदी, हे करू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) रस-पुरणपोळी आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणाला रोट सगळ्यांनी खावेत. सणाच्या दिवशी कुणी जाड होत नाही.

उपासाचंही एक. सोमवार, गुरुवार, चतुर्थी अशी रांग लावून वजन उतरवायला निघालेल्या मुली साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि बटाट्याचा कीस खातात. त्यात साधं वरण-भाकरीइतकंही सत्त्व नसतं.

डब्यातली पावडर

आता मुलांकडे येऊ, कारण इथली गंमत न्यारी आहे. आमच्याकडे दहावी झाली की निम्मी पोरं ‘भरती’च्या मागे लागतात. पोलीस भरतीला मुलाला 165 सेंटिमीटर उंची लागते, 1600 मीटर धावणं असतं, गोळाफेक असते, आणि वय अठरा पूर्ण लागतं. पण तयारी सुरू होते पंधराव्या वर्षी, तीही डांबरी रस्त्यावर, घासलेल्या बुटांत, रोज 8-10 किलोमीटर. मग दोन महिन्यांत पोरगं गुडघा धरून येतं. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ आलेलं असतं, दाबलं की कळ जाते. पोरं त्याला ‘गुडघा खराब झाला’ म्हणतात. तसं नसतं. तिथे अजून हाड वाढतंय आणि मांडीचा स्नायू ते ओढतोय. धावणं कमी करा, मातीच्या ट्रॅकवर न्या, उड्या काही आठवडे बंद ठेवा, बर्फ लावा. वाढ पूर्ण झाली की हे बहुतेकांचं आपोआप थांबतं. मात्र जाड पोरगं 11 ते 15 च्या वयात लंगडायला लागलं, मांडी-गुडघा-जांघ दुखते म्हणालं, तर त्याला एक पाऊलही पळवू नका. खुब्याचा सांधा सरकलेला असू शकतो आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं. त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.

मागच्या वर्षी एक आई पोराला घेऊन घरी आली. पिशवीतून मोठा काळा डबा काढून टेबलावर ठेवला. “सर, याले तुम्हीच सांगा. तीन हजाराचा आणला, म्हणे वजन वाढते.” डब्याच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचायला मी पोरालाच सांगितलं. पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, साखरेसारखी लवकर पचणारी भुकटी. मग कागद घेऊन बसलो. त्याच्या वयाला दिवसाला सुमारे 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन भाकरी : 15-16 ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण : 12-13. मोठा पेला दूध : 8. मूठभर शेंगदाणे : 7. झाले की! अंडी खाणाऱ्या घरात एका अंड्याचे 6 वरून. पोरगं डब्याकडे बघत बसलं. आई म्हणाली, “शेंगदाणे तं घरचेच आहेत.”

किडकिडीत पोराला वजन हवंच असेल तर खाण्याची वेळ वाढवा, डबा नको. संध्याकाळी दोन केळी आणि दूध, शेंगदाण्या-तिळाचा लाडू, झोपण्याआधी तूप घातलेली खिचडी. केळीच्या आगारात राहून पोरगं तीन हजाराच्या डब्यावर वजन वाढवतं, याला काय म्हणावं?

जिममध्ये जाऊन उंची खुंटते, हा मात्र गैरसमज आहे. जोर, बैठका, सिंगलबार, हलकी वजनं नीट शिकवणाऱ्याच्या नजरेखाली केली तर वाढीला धक्का लागत नाही, हाडं मजबूतच होतात. धोका असतो पैज लावून जास्तीत जास्त वजन उचलण्यात, आणि ‘लवकर बॉडी’ म्हणून कुणी देऊ केलेल्या इंजेक्शन-गोळ्यांत. त्यात स्टेरॉइड असेल तर हाडांची वाढती टोकं वेळेआधी बंद होतात. 165 च्या आशेवर असलेलं पोरगं 160 वर कायमचं अडकू शकतं. भरतीवाल्या पोरांना मी एवढंच सांगतो, आणि ते ऐकतात.

थोडक्यात आणखी काही

पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळणं. जातं ते पाणी, चरबी नव्हे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर असताना हा खेळ जिवावर बेततो. उन्हाळ्यात मैदान सकाळी सातच्या आत आटपावं, पाणी आणि मीठ-साखरेचं लिंबूपाणी सोबत असावं. कॅफिनवालं एनर्जी ड्रिंक नको. ते मुलांसाठी नाही, असं बाटलीवरच छापलेलं असतं.

झोप. क्लास, मोबाईल, पहाटेचं धावणं मिळून पोरं सहा तासांवर येतात. या वयाला आठ ते दहा तास लागतात. कमी झोपलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलंच मागतं, हवं तर पडताळून बघा.

व्यायाम म्हणजे शिक्षा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना रोज तासभर हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून तीन दिवस तरी स्नायू-हाडांना ताण देणारी. कबड्डी, खो-खो, सायकलने शाळा, सगळं त्यात येतं. जाड पोराला उशिरा आल्याबद्दल मैदानाला दहा चकरा मारायला लावणारा शिक्षक त्याला आयुष्यभरासाठी मैदानापासून तोडतो. मीही लावायचो, कबूल.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी खिडकीतून फेकू नका. जेवल्यावर घ्या, चहाबरोबर नको. दमून बसणारी मुलगी ‘आळशी’ नसते, पुष्कळदा तिचं रक्त कमी असतं.

मानेवरचा मळ, आणि डॉक्टर

आया तक्रार करतात, पोराची मान कितीही घासली तरी काळीच. मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा मानेवर नि काखेत दिसत असेल आणि वजनही जास्त असेल, तर घासणी ठेवून द्या. तो मळ नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. साखर तपासून घ्या. मुलीची पाळीही अनियमित असेल तर तेही सांगा.

उलट, खाऊन-पिऊन वजन झपाट्याने घटतंय, सारखी तहान लागतेय, रात्री लघवीला उठावं लागतंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. यात आठवडाही वाया घालवू नये.

नंदुरबार-शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी पोरांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वाढ मागे पडलेली, सारखे सांधे दुखणारं, डोळे पिवळसर असणारं पोरगं ‘खात नाही म्हणून बारीक’ असेलच असं नाही. तो सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, असू शकतो; त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आजार निघाला तर उन्हात दमेपर्यंत पळवणं आणि पाणी कमी पिणं, दोन्ही घातक.

डॉक्टरांकडे जाताना चौकटीवरच्या रेघांच्या तारखा कागदावर उतरवून न्या. उंची दोन वर्षांत किती वाढली, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि दहातल्या नऊ घरांना त्याचं उत्तर येत नाही.